कल्पवृक्षाला बी असतं का?

कल्पवृक्ष मला कधीच पटला नाही. समुद्रमंथनातून वर आला, इंद्राच्या नंदनवनात लागला, त्याच्याखाली बसून जे मनात आणाल ते मिळतं. बस्स, संपली माहिती. फुलतो कधी, फळतो कधी, पाणी किती लागतं, पानगळ होते का, कशाचाच पत्ता नाही. आमच्या धंद्यात असा कागद घेऊन येणारी गिऱ्हाइकं अधूनमधून भेटतात. "सिस्टिमनं नक्की काय करायला हवंय?" असं विचारलं की शांतपणे म्हणतात, "जे लागेल ते सगळं!" अशा प्रोजेक्टचं पुढे काय होतं ते या धंद्यातल्या मंडळींना सांगायला नको.

कल्पवृक्षाचंही तेच झालेलं आहे. ती वाटसरूची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. दमलेला माणूस नकळत कल्पवृक्षाखाली बसतो. पाणी हवं म्हणतो, पाणी येतं. जेवण म्हणतो, पंचपक्वान्नांचं ताट येतं. पलंग येतो. मग आडवं पडल्यावर त्याच्या मनात येतं, आत्ता इथे वाघ आला तर? वाघ येतो आणि त्याला खातो. कीर्तनकार यातून 'मनावर ताबा ठेवा' असं तात्पर्य काढतात. मला मात्र दोष झाडाचा दिसतो. मागणी आणि भीती यांतला फरक न ओळखणारं झाड नंदनवनात लावलंच कसं? आपल्या परंपरेत नोंदवला गेलेला हा बहुधा पहिला बग असावा, आणि तो अजून दुरुस्त झालेला नाही. :-)

आता कुणी म्हणेल, अहो, कल्पित झाड आहे ते. त्याला कसले नियम लावता? मजा घ्या की! आजचा मुद्दा नेमका हाच आहे. माझं म्हणणं असं, की कल्पित झाडाला नियम खऱ्या झाडापेक्षा जास्त लागतात. खऱ्या झाडाला पाऊस, माती, कीड, वटवाघळं यांनी आधीच शिस्त लावलेली असते. कल्पित झाडाला ती लावणारं लेखकाखेरीज कुणीच नसतं. त्यानं ती लावली नाही तर झाड राहत नाही, नुसती एक सोय उरते. आणि फुकटच्या सोयींच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या ऐकत राहिल्या की खऱ्या झाडांकडे, आणि खऱ्या माणसांकडेही, आपण त्याच नजरेनं बघायला लागतो.

म्हणून कुठल्याही कल्पित फळझाडाला मी तीन प्रश्न विचारतो. एक, याचं बी कोण नेतं? दोन, याच्या फळाची किंमत काय? तीन, फळ तोडतं कोण आणि झाड कुणाचं?

पहिला प्रश्न बियांचा. फळ ही झाडानं कुणाला तरी दिलेली मजुरी असते. गर खा आणि त्या बदल्यात माझं बी लांब नेऊन टाक, असा सरळ व्यवहार. लांब का, तर आईच्या बुंध्याशी पडलेल्या बियांवर आणि रोपांवर त्याच झाडावरचे किडे आणि रोग तुटून पडतात. डॅनियल जॅन्झन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये ही मांडणी वेगवेगळी केली, आणि उष्ण कटिबंधातल्या जंगलात एकाच जातीची झाडं दाटीनं का वाढत नाहीत त्याचं एक चांगलं स्पष्टीकरण मिळालं. म्हणजे उष्ण प्रदेशातल्या फळझाडाची अर्धी हुशारी ही नेणाऱ्याला खूश करण्यात गेलेली असते. फळाचा रंग, वास, साल, उंची, पिकण्याचा महिना, सगळं त्या गिऱ्हाइकाच्या सोयीनं.

आपलं कवठच घ्या. एवढं टणक कवच कशासाठी? आपण ते दगडावर आपटून फोडतो. माकडं, पाखरं त्याच्यापुढे हात टेकतात. पण जुन्या शास्त्रीमंडळींनी 'गजभुक्तकपित्थ' नावाचा एक न्याय करून ठेवला आहे. हत्तीनं गिळलेलं कवठ बाहेरून अखंड दिसतं आणि आतून पोकळ असतं, असा त्याचा अर्थ. वरून धडधाकट आणि आतून रिकामा झालेल्या माणसाला किंवा संस्थेला हा न्याय लावतात. पण मला त्यातली निरीक्षणाची गोष्ट आवडते. कवठाचं गिऱ्हाईक हत्ती आहे, हे या मंडळींना ठाऊक होतं.

याच्या उलटी स्थिती अवोकॅडोची. मध्य अमेरिकेतल्या या झाडाचं बी एवढं मोठं, की ते सबंध गिळून लांब नेईल असा प्राणी आज त्या जंगलात सापडणं कठीण. जॅन्झन आणि पॉल मार्टिन यांनी १९८२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडलं, की तिथली अशी कित्येक मोठी फळं हत्तीच्या गोम्फोथेरसारख्या नातेवाइकांसाठी आणि इतर अजस्र प्राण्यांसाठी घडली होती. ते प्राणी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले, फळं मात्र अजून त्यांची वाट बघत पिकताहेत. गिऱ्हाईक गेलं, दुकान चालू! कुठल्या कल्पित जगात एवढी करुण फळं आहेत, सांगा बघू.

आणि उंबर? फारा दिवसांनी उगवलेल्या पाहुण्याला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो, कारण उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. दिसणार कसं? ज्याला आपण फळ म्हणतो तेच आतून शेकडो बारक्या फुलांनी भरलेलं असतं. टोकाच्या बारीक भोकातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते, शिरताना बहुधा पंख गमावते, फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पोरं आतच जन्मतात. बिनपंखी नर भुयार खणून वाट करून देतात, आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर 'जरा अतीच झालं' म्हणून संपादकानं काटलं असतं.

या पार्श्वभूमीवर कल्पित जगं बघा. 'माइनक्राफ्ट'मध्ये ओकच्या पानांतून सफरचंदं पडतात. ओकला सफरचंद! कडुनिंबाला सीताफळ लागल्यासारखंच हे. मुलं हा खेळ तासन् तास खेळतात आणि कुणालाही त्यात खटकत नाही. सी. एस. लुईसच्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये (१९५५) नुकत्याच जन्मलेल्या नार्नियाच्या जमिनीत टॉफी पुरली की टॉफीचं झाड उगवतं. ते मला चालतं, कारण त्या जगाचा त्या दिवसापुरता नियमच तसा आहे: माती ताजी आहे, जे पुराल ते उगवेल. नियम एकदा सांगितला आणि पाळला, की टॉफीचं झाडसुद्धा खरं वाटतं. वेडेपणाला माझी हरकत नाही, ढिसाळपणाला आहे.

आता आपल्या पुराणांतल्या एका झाडाकडे येतो. कल्पवृक्षाच्या नावानं एवढी बोटं मोडली म्हणजे मला पुराणांचं वावडं आहे असं कुणी समजू नये. माझ्या मते कल्पित फळझाडाचा सगळ्यात देखणा नमुना पुराणांतच आहे, आणि आपण रोजच्या संकल्पात त्याचं नाव घेतो: जंबुद्वीप. म्हणजे जांभळाचं बेट.

विष्णुपुराणात मेरूच्या चार बाजूंना चार पर्वत आहेत आणि त्यांवर कदंब, जांभूळ, पिंपळ आणि वड अशी चार झाडं, प्रत्येकी अकराशे योजनं उंच. योजनेचं माप ग्रंथागणिक बदलतं. १३ किलोमीटर धरलं तर झाडाची उंची १४ हजार किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे पृथ्वीच्या व्यासापेक्षा जास्त! ठीक आहे, पुराणकारांचा हात सढळ होता. पण पुढचा तपशील बघा. या झाडाला मोठ्या हत्तीएवढी जांभळं लागतात. ती एवढ्या उंचीवरून डोंगरावर पडतात, म्हणून फुटतात. फुटतात, म्हणून रस वाहतो. रस वाहतो, म्हणून जंबू नदी होते. तिचं पाणी पिणाऱ्यांना घाम नाही, दुर्गंध नाही, म्हातारपण नाही. आणि काठची माती त्या रसात भिजून वाऱ्यानं सुकली की तिचं सोनं होतं. सोन्याला 'जांबूनद' म्हणतात ते यावरूनच.

याला म्हणतात डिझाइन! फळाचा आकार, उंची, पडणं, फुटणं, नदी, माती, वारा, सोनं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघालेली. कुठेही 'आणि मग चमत्कार झाला' असं म्हणावं लागत नाही. शिवाय पाया अस्सल देशी. ऐन जूनमध्ये जांभळाखालचा रस्ता बघितलाय ना? फुटलेली फळं, जांभळा राडा, घोंगावणाऱ्या माश्या, घसरणारे स्कूटरवाले. ते बघूनच कुणा पुराणकाराच्या मनात आलं असणार, की ही फळं हत्तीएवढी असती तर काय झालं असतं? माझ्या मते चांगल्या कल्पितकथेची रीत हीच. ओळखीच्या वस्तूचा एकच आकडा बदलायचा आणि बाकी सगळं प्रामाणिकपणे त्याच्या मागून येऊ द्यायचं.

भागवतात याच झाडाबद्दल आणखी एक बारकावा आहे: या जांभळांत बी जवळपास नसतंच. इथे मात्र माझा पहिला प्रश्न आडवा येतो. बी नाही तर दुसरं झाड कसं लागणार? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं १९९२ मध्ये 'सिंधू' नावाचा आंबा आणला. त्याची कोय इतकी पातळ, की जवळपास नाहीच. खाणाऱ्याची चैन आहे, पण ते झाड पुढे न्यायचं तर माणसाच्या हातचं कलमच लागतं. मेरूपाशी कलमं बांधणारा माणूस काही पुराणांत सापडत नाही. म्हणजे जंबुद्वीपाचं जांभूळ एकुलतं एक आहे, ते पडलं की संपलं. पुराणकारांनी हे लिहिलेलं नाही, पण त्यांनीच दिलेल्या तपशिलातून ते निघतं. झाड पक्क्या नियमांवर उभं असलं की लेखकानं न सांगितलेल्या गोष्टीही ते आपल्याला सांगायला लागतं.

दुसरा प्रश्न किमतीचा. इथे जपानी लोकांना मानलं पाहिजे. एइचिरो ओदा यांच्या १९९७ पासून चालू असलेल्या 'वन पीस' या चित्रकथेत सैतानी फळं आहेत. एक खाल्लं की अचाट शक्ती मिळते, चव भयंकर असते आणि खाणाऱ्याला पुन्हा कधीही पोहता येत नाही. दुसरं खाल्लं तर मरण. आणि हे सगळं कुठल्या जगात, तर जिथे बघावं तिथे समुद्र आहे आणि प्रत्येकाला दर्यावर्दी व्हायचंय तिथे! किंमत नेमकी दुखऱ्या जागी ठेवली आहे. त्या एका नियमावर शेकडो प्रकरणं उभी आहेत.

पण आपल्याकडे याहून भारी आहे. जांभूळ आख्यान. शाहीर विठ्ठल उमपांनी ते गाजवलं, त्यामुळे पुष्कळांना ते माहीत असेल. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण गाभा असा: पांडव आणि द्रौपदी वनात असतात. एका झाडाला एकच जांभूळ असतं, ते भीम तोडतो. मग कळतं, की एक ऋषी तपातून उठल्यावर तेवढं एक फळ खातो. आता शाप अटळ. कृष्ण उपाय सांगतो, प्रत्येकानं आपल्या मनातलं खरं बोलावं. एकेकाच्या खरेपणासरशी जांभूळ वर वर चढत जातं. द्रौपदीपाशी येऊन अडतं. कर्ण मनात भरला होता, हे तिनं कबूल केल्यावरच ते देठाला चिकटतं.

जरा विचार करा. तोडलेलं फळ परत जोडायचं, म्हणजे आमच्या भाषेत 'अनडू'. आम्ही ते कंट्रोल-झेड दाबून फुकटात करतो. आख्यानातल्या झाडाला त्याची किंमत हवी आहे, आणि ती पैशात, रक्तात किंवा तपात घेत नाही. ज्या सत्यानं घर मोडेल ते सत्य पाच नवऱ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं, ही किंमत. कल्पवृक्ष तुमच्या मनातलं तुम्हाला आणून देतो. हे जांभूळ तुमच्या मनातलं तुमच्याकडून काढून घेतं. यांतलं कुठलं झाड आपल्याला जास्त ओळखतं?

आणि हो, तिसरं जांभूळ राहिलंच. पंचतंत्रातल्या माकडाचं. झाडावरचं माकड मगरीला रोज जांभळं देतं, मगर ती बायकोसाठी नेते, बायको म्हणते, रोज एवढी गोड फळं खाणाऱ्याचं काळीज किती गोड असेल! माकड चतुराईनं 'काळीज झाडावर राहिलं' म्हणून सुटतं, ते सगळ्यांना पाठ आहे. पण फुकट मिळणाऱ्या फळानं भूक भागत नाही, ती फळावरून देणाऱ्यावर जाते, हे त्या गोष्टीतलं खरं मर्म. इथून तिसरा प्रश्न सुरू होतो: तोडतं कोण आणि झाड कुणाचं?

कल्पितकथांत हा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. राजकन्या जादूचं फळ खाते, पण ते ताटात कुणी आणून ठेवलं? खऱ्या जंगलात हा प्रश्न टाळताच येत नाही. बिब्बा बघा. त्याच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की कातडी भाजते, फोड येतात. त्याच टरफलाच्या आत गोडंबी असते. थंडीत डिंकाच्या लाडवांत आपण ती हौसेनं घालतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काही भागांत बाया बसून एकेक बिब्बा फोडून ती काढतात आणि त्यांचे हात त्या तेलानं पोळलेले असतात. विषारी कवचात गोड गर, ही कल्पना कुठल्याही कल्पितकथेत शोभेल. पण पोळलेले हात सोडून दिले तर तुम्ही त्या झाडाची निम्मीच गोष्ट सांगितलीत. चारोळीचंही तसंच. जंगलातलं झाड, मालक कुणी नाही, म्हणून दुसऱ्यानं न्यायच्या आत आपण न्यावी या घाईत ती कच्चीच ओरबाडली जाते. बी पिकायलाच मिळालं नाही तर नवी झाडं येणार कुठून?

हापूसचं दुखणं वेगळं. तो स्वभावानंच एक वर्षाआड भरघोस धरणारा. एक वर्ष देतो, एक वर्ष दम खातो. बाजाराला दम खाल्लेला चालत नाही. म्हणून मुळाशी कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, ओततात. त्यानं झाडाची पालवीची वाढ रोखली जाते आणि मोहोर येतो. बेतानं वापरलं तर त्याचा उपयोग आहे, बागाईतदारालाही पोट आहे. पण वारेमाप वापरलं की झाड खंगतं. इथे मला कल्पवृक्ष आठवतो. जे झाड मागितलं तेव्हा देतं त्याच्याच गोष्टी आपण सांगत आलो. दम खाणाऱ्या झाडाची गोष्ट कुणी सांगितलीच नाही.

नुसती टीका करून पळ काढणं बरं नव्हे, म्हणून माझ्या नियमांनी एक झाड लावून बघतो. नाव ठेवू उसनफळ. मुलुखाचं नाव आठखिंडी, डोंगराळ प्रदेश, एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जायला आठ दिवसांची पायवाट. उसनफळ फणसासारखं बुंध्यालाच लागतं, लिंबाएवढं, पहिल्या पावसाच्या आधी पिकतं. गर भोकरासारखा चिकट. खाल्लं की बी टाळूला जे चिकटतं ते आठ दिवस सुटत नाही. आणि हे आठ दिवस खाणाऱ्याला भूकच लागत नाही. नवव्या दिवशी बी सुटतं, माणूस थुंकतो, आणि आठही दिवसांची भूक एकदम परत येते. फळ भूक मारत नाही, उसनी ठेवून घेतं. झाडाचा हिशेब सरळ आहे: बी आठ दिवसांच्या वाटेवर जाऊन पडतं.

आता आपण फक्त बघत बसायचं. पहिल्यांदा वापरणार डाकवाले आणि वाटसरू, शिदोरीचं ओझं वाचतं म्हणून. नवव्या दिवशी ते जिथे पोचतात तिथे बिया पडतात, म्हणजे तिथे उसनफळाची राई होते. आठ दिवसांची भूक घेऊन आलेला माणूस भाकरीला वाटेल तो भाव देतो, म्हणून राईच्या कडेला खानावळी निघतात, आणि त्या महाग असतात. खानावळवाले श्रीमंत होतात, राया विकत घेतात. मग एखाद्याच्या लक्षात येतं, की प्रवासाला कशाला, कामाला माणसं नेताना हे फळ द्यावं. आठ दिवस जेवण घालायला नको. नवव्या दिवशी जेवण मिळेल, मालकाच्याच खानावळीत, खात्यावर मांडून. खातं पुढच्या हंगामापर्यंत फिटत नाही. मग पुढच्या हंगामालाही यायचं.

ओळखीचं वाटतंय ना? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार निघतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि पुढचे पाच-सहा महिने नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', ती फेडत असते. आजारी पडलं, काम चुकलं, की खाडा, आणि खाड्याचा दंड. मी झाड लावायला बसलो तेव्हा ऊस माझ्या डोक्यातही नव्हता. बी कोण नेतं, किंमत काय, तोडतं कोण, एवढेच प्रश्न विचारत गेलो आणि वाट आपोआप फडात येऊन पोचली.

अजून एक पायरी पुढे जातो. आठखिंडीत दुष्काळ पडला तर? १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगाराची कामं निघाली, सुकडी वाटली, परदेशातून आलेला मिलो लोकांनी खाल्ला. घरातल्या म्हाताऱ्यांकडे त्या आठवणी आहेत. आठखिंडीच्या दरबाराला हे काहीच करावं लागणार नाही. उसनफळ वाटायचं आणि दवंडी पिटायची, या आठवड्यात राज्यात भुकेला कुणीही नाही. आणि ते खरं असेल! आकडा शून्यच येईल. एखादी आई रडणाऱ्या पोराला फळ देईल, पोर आठ रात्री शांत झोपेल. नववा दिवस कुणाच्या आकड्यात येतो?

कल्पित झाडाकडून मला हेच हवं असतं. त्यानं मला कुठल्याशा स्वप्ननगरीत नेऊन सोडू नये. माझ्याच अंगणात फिरवून आणावं आणि रोज दिसणारी वस्तू दाखवावी. मराठीत आता कल्पितकथा लिहिणारी, खेळ रचणारी तरुण मंडळी आहेत, आणि त्यांची जंगलं बघावीत तर रुपेरी पानांची आणि बर्फाळ. टोल्किननं आपली झाडं त्याच्या भाषेतून आणि त्याच्या मातीतून घडवली. त्याच्या सोनेरी झाडाच्या शेवटच्या फळाचा सूर्य झाला. त्याचं झाड उचलून आणण्यापेक्षा त्याची रीत उचलावी. आपल्याकडे बुंध्याला फळणारा फणस आहे, फळाच्या बाहेर बी लटकवणारा काजू आहे, रातांबा आहे. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून लावलेली रोपं सहा-सात वर्षं वाढवायची आणि मग कळायचं, की त्यांतली जवळपास निम्मी नर निघाली, फळ देणारच नाहीत. एवढा ऐवज दाराशी असताना ओक कशाला हवा?

तेव्हा मंडळी, येत्या सुट्टीत एखादं झाड लावून बघा. कागदावरचं चालेल. खऱ्या झाडाचा एकच आकडा बदला आणि तीन प्रश्न विचारत राहा. तुमचं झाड कुठे घेऊन गेलं ते मला जरूर कळवा. आणि नंदनवनात कधी जाणं झालंच तर कल्पवृक्षाच्या बुंध्याशी नीट बघून या. एक जरी रोप उगवलेलं दिसलं, तर वर लिहिलेलं सगळं मी मागे घेईन. :-)